कुत्र्याचें पिलूं आणि कच्चें मांस

नामदेवांच्या पुढची भाकरी कुत्र्यानें उचलून नेली, आणि कोरडा घास त्याच्या घशाखालीं कसा उतरणार म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, ही कथा मराठी घरांत लहानपणींच कानांवर पडते. तींतील भक्तिरस क्षणभर बाजूस ठेवला, तर कथेनें एक गोष्ट न बोलतां गृहीत धरली आहे असें दिसेल. ती ही कीं, कुत्रा भाकरी खातो आणि त्यांत कोणास कांहीं नवल वाटत नाहीं. वैश्वदेवाच्या वेळीं श्वानासाठीं जो बलि काढून ठेवीत, तोहि शिजलेल्या अन्नाचाच असे. उकिरड्यावर आणि खाटकाच्या दुकानासमोर आपल्याकडील कुत्र्यानें काय मिळविलें असेल तें असो. माणसानें हातानें घातलेलें त्याचें अन्न बहुधा चुलीवरूनच आलेलें होतें.

हें आरंभीं सांगण्याचें कारण असें कीं, गेल्या तीसएक वर्षांत याच्या अगदीं उलट असें एक मत जोर धरून आहे. इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानें १९९३ सालीं ‘गिव्ह युवर डॉग अ बोन’ या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि कुत्र्यांना व वाढत्या पिलांनाहि कच्चें मांस व कच्चीं मांसल हाडें द्यावीं, असा पक्ष मोठ्या हिरीरीनें मांडला. त्याच्या कितीतरी आधीं इंग्लंडांत ज्युलिएट द बेराक्ली लेव्ही या बाईंनीं नैसर्गिक संगोपनाच्या नांवाखालीं याच जातीचा उपदेश केला होता. आतां हें मत आपल्याकडील मोठ्या शहरांतूनहि ऐकूं येऊं लागलें आहे. त्याचा युक्तिवाद थोडक्यांत असा: कुत्रा लांडग्याच्या कुळांतला, लांडगा कांहीं चूल पेटवीत नाहीं, तेव्हां शिजविलेलें अन्न ही माणसानें कुत्र्यावर लादलेली अलीकडची आपत्ति होय. युक्तिवाद सुटसुटीत आहे. त्यांतील ‘अलीकडची’ हा शब्द मात्र इतिहासाच्या कसास लावून पाहिला पाहिजे.

रोमन पंडित व्हॅरो यानें इसवी सनापूर्वीं ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, शेतीवर जो ग्रंथ लिहिला त्यांत कळप राखणाऱ्या कुत्र्यांच्या आहाराचा विचार आहे. जवाची भाकरी दुधांत भिजवून द्यावी, हाडांचा काढा आणि ठेंचलेलीं हाडेंहि द्यावीं, त्यानें दांत बळकट होतात, असें तो सांगतो. मेलेल्या मेंढीचें मांस मात्र देऊं नये. एकदां ती चव लागली म्हणजे राखणदाराचाच चोर व्हावयाचा! पुढच्या शतकांत कोलुमेला याचाहि सल्ला याच धर्तीचा आहे. त्याच्या मतें जवाचें पीठ व दह्यादुधाचें पाणी हें उत्तम. आणि जेथें गुरें नाहींत तेथें गव्हाची भाकरी घेवड्यासारख्या शेंगांच्या कोमट काढ्यांत कालवून घालावी. शिकारी कुत्र्यांची गोष्ट निराळी असेल असें वाटेल. परंतु मध्ययुगांतील फ्रान्समध्यें हरिण पडल्यावर कुत्र्यांना त्यांचा वाटा देण्याचा जो समारंभ असे, त्यांत हरणाच्या कातड्यावर आंतडीं व रक्त यांबरोबर पावाचे तुकडे मिसळलेले असत. गास्ताँ फेबूस या सरदारानें चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिकारीवर जो प्रसिद्ध ग्रंथ रचला त्यांत हा प्रकार वर्णिला आहे. रक्तामांसाची ही मेजवानी शिकारीच्या दिवसापुरती. एरवीं त्या कुत्र्यांचा मुख्य आहार पाव हाच होता.

याला आतां शरीरशास्त्राचीहि साक्ष मिळाली आहे. २०१३ सालीं स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं कुत्रा व लांडगा यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना केली. पिठूळ अन्न पचविणारा जो रस स्वादुपिंडांत होतो, त्याच्या जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती आढळल्या. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत निघाल्या. पुढील वर्षांत आणखी जातींची तपासणी झाली, तेव्हां बर्फाळ प्रदेशांतील हस्की आणि ऑस्ट्रेलियांतील डिंगो यांच्यांत त्या थोड्या दिसून आल्या. म्हणजे जे कुत्रे नांगर धरणाऱ्या माणसांच्या दारांत वाढले, त्यांचें पोट हजारों वर्षांत त्या दाराच्या भाकरीस सरावलें. लांडग्याचा वंशज हें खरें. पण वंशज म्हणजे प्रतिकृति नव्हे.

येथवरच्या हकीगतींत कच्च्या मांसाचा पक्ष पडला असें समजून कोणी समाधान मानूं नये. भाकरी पचते, यावरून ती पुरते असें ठरत नाहीं. आणि तिचें अपुरेंपण प्रौढ कुत्र्यापेक्षां पिलांत लौकर उघडें पडतें. प्रौढ कुत्रा उष्ट्यामाष्ट्यावर वर्षें काढतो. पिलाला मात्र थोड्या महिन्यांत सगळा हाडांचा सांगाडा उभारावयाचा असतो, आणि त्यासाठीं लागणारें सामान ताटांत नसेल तर त्याचे पायच तें सांगूं लागतात. पायाला बांक येतो, सांधे सुजतात, पिलूं उभें राहतांना थरथरतें. माणसाच्या मुलांत आपण ज्याला मुडदूस म्हणतों तोच हा रोग.

मुडदुसाचा हा धडा प्रथम शिकविला तो मात्र कुत्र्याच्या पिलानें नव्हे, तर सिंहाच्या छाव्यांनीं. आणि तोहि कच्च्या मांसावर. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले छावे वारंवार मुडदुसानें मरत. १८८९ च्या सुमारास जॉन ब्लँड-सटन या शस्त्रवैद्याचें लक्ष त्यांच्या खाण्याकडे गेलें. छाव्यांना घोड्याचें चरबीहीन मांस मिळे, आणि घोड्याचीं हाडें इतकीं टणक कीं, तीं फोडण्याची शक्ति त्यांच्या कोवळ्या दांतांत नसे. सटन यानें ठेंचलेलीं हाडें, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचें तेल यांची भर घालण्यास सांगितलें. थोड्याच महिन्यांत छावे बरे झाले. वनराजाचें पिलूं, त्याच्यापुढें कच्चें मांस, आणि तरीहि मुडदूस! उणीव कशाची होती तें आतां स्पष्ट आहे. नुसत्या मांसांत फॉस्फरस भरपूर, परंतु हाडें ज्याचीं बनतात तें कॅल्शियम त्याच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतकेंच असतें. शरीर मग रक्तांतील तोल सांभाळण्यासाठीं स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेऊं लागतें. कुत्र्याच्या पिलाला केवळ मांसाचे तुकडे घालणाऱ्या हौशी मालकांच्या घरीं पशुवैद्यांना हाच देखावा आजहि आढळतो.

उलट बाजूची परीक्षा तीस वर्षांनीं झाली, आणि ती झाली कुत्र्याच्या पिलांवरच. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं इंग्लंडच्या औद्योगिक शहरांतील मजुरांच्या मुलांत मुडदूस घरोघर होता, आणि त्याचें कारण काय याविषयीं वैद्यांत दोन तट होते. ग्लासगो येथील फिंडले वगैरे मंडळी म्हणत कीं, कोंदट खोल्यांत कोंडून राहणें व हालचालीचा अभाव हेंच याचें मूळ. फिंडले यानें १९०८ सालीं कोंडलेल्या पिलांवर तसे प्रयोगहि केले होते. एडवर्ड मेलनबी यानें लंडनमध्यें पिलांना घरांतच ठेवलें, परंतु अन्नांत फेरफार करून पाहिले. पाव किंवा ओटची पेज आणि थोडें मलईविरहित दूध यांवर वाढलेल्या पिलांना हमखास मुडदूस होई. त्याच अन्नांत कॉड माशाच्या यकृताचें तेल घातलें कीं, तीं सरळ पायांनीं वाढत. हे निष्कर्ष १९१९ सालीं प्रसिद्ध झाले, आणि स्कॉटलंडची आवडती ओटची पेज ही तर हाडांची वैरीण ठरली!

मेलनबीनें तेलांतील गुणाचें श्रेय त्या वेळीं ठाऊक असलेल्या अ जीवनसत्त्वाला दिलें, तें चुकीचें होतें. अमेरिकेंत मॅकॉलम यानें १९२२ सालीं तेल तापवून व त्यांतून हवा सोडून अ जीवनसत्त्व नाहींसें केलें, तरी मुडदूस बरा करण्याची त्याची शक्ति कायम राहिली. त्या दुसऱ्या द्रव्यालाच पुढें ड जीवनसत्त्व हें नांव मिळालें. मुलांच्या बाबतींत ग्लासगोकरांचेंहि अर्धें खरें होतें. कारण उन्हानें माणसाच्या कातडींत हें जीवनसत्त्व तयार होतें, आणि कोंदट गल्लींत ऊन कोठलें? परंतु कुत्र्याच्या कातडींत तें पुरेसें होत नाहीं, हें बऱ्याच काळानें, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, सिद्ध झालें. म्हणजे पिलाला तें अन्नांतूनच मिळावें लागतें, अंगणांत कितीहि ऊन असो. मेलनबीनें निवडलेला प्राणी त्याच्या सिद्धान्तास इतका अनुकूल निघावा, हा दैवयोगच म्हणावयाचा. मुलांना चमचाभर कॉडलिव्हर तेल पाजण्याची जी चाल पुढें घरोघर पसरली, आणि जिच्या वासाची आठवण अनेक प्रौढांना अजून नकोशी वाटते, तिच्यामागें वांकड्या पायांचीं हीं पिलें आहेत.

माणसाच्या अन्नाचे दोष कुत्र्यानें स्वतःच्या देहावर दाखवून दिल्याचें हें एकच उदाहरण नव्हे. १८१६ सालीं माझांदी या फ्रेंच शास्त्रज्ञानें एका कुत्र्याला केवळ साखर आणि पाणी यांवर ठेवलें. तो महिनाभरांत डोळ्यांत व्रण होऊन मेला, आणि पोट भरणें व पोषण होणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत हें उघड झालें. अमेरिकेच्या दक्षिण भागांत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होई आणि त्याच अन्नावर कुत्र्यांची जीभ काळी पडे. १९३७ सालीं एल्वेजेम यानें निकोटिनिक आम्ल देऊन ती काळी जीभ बरी केली, आणि लगोलग माणसांचाहि रोग हटला.

दरम्यान कुत्र्याचें अन्न घराच्या चुलीवरून उठून कारखान्यांत गेलें होतें. लंडनमध्यें घोड्याचें मांस घरोघर विकणाऱ्या फेरीवाल्यांचें वर्णन हेन्री मेह्यू यानें १८५१ सालीं केलें आहे. तें मांसहि मोठाल्या कढयांतून उकडलेलें असे, हें येथें ध्यानांत घ्यावें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं जेम्स स्प्रॅट नांवाचा अमेरिकन गृहस्थ विजेपासून घरांचें रक्षण करणाऱ्या सळया विकण्यासाठीं लंडनास आला. गोदीवर भटकीं कुत्रीं जहाजावरचीं टाकाऊ बिस्किटें खातांना पाहून त्याला कल्पना सुचली, असें सांगतात. गव्हाचें पीठ, भाज्या आणि वाळविलेलें मांस यांची त्याची बिस्किटें श्रीमंतांच्या कुत्र्यांत झपाट्यानें पसरलीं. तें मांस कशाचें, हें मात्र त्यानें कधीं सांगितलें नाहीं. याच धंद्यांत चार्ल्स क्रफ्ट हा पोरवयांत नोकरीस लागला, आणि त्यानेंच १८९१ सालीं इस्लिंग्टन येथें तें जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शन भरविलें. बिस्किटांचा खप आणि कुत्र्यांची प्रतिष्ठा हीं दोन्हीं हातांत हात घालून वाढलीं. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंत घोड्याच्या मांसाचे डबे निघाले. दुसऱ्या महायुद्धांत पत्रा दुर्मिळ झाल्यावर डबे मागें पडून कोरडें अन्न पुढें आलें. आणि १९५६-५७ च्या सुमारास दाब व उष्णता यांनीं फुगविलेले ते दाणे आले, जे आज बहुतेक कुत्र्यांच्या भांड्यांत असतात.

कारखान्याच्या अन्नावर अविश्वास ठेवणारांना इतिहासानें कारणेंहि पुरविलीं आहेत, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. १९२० नंतर ब्रिटन-अमेरिकेंत कुत्र्यांचा एक विलक्षण रोग पसरला. चांगलें धडधाकट कुत्रें एकाएकीं भेदरून भुंकत सैरावैरा धांवूं लागे व झटके येऊन पडे. कोणी म्हणे जंत, कोणी म्हणे मांसाचा दोष. १९४६ सालीं त्याच मेलनबीनें दाखवून दिलें कीं, दोष पिठाचा होता. पीठ पांढरेंशुभ्र करण्यासाठीं गिरण्यांत नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा वायु वापरीत, आणि त्यामुळें पिठांतील प्रथिनांत एक विष उत्पन्न होई. तेंच पीठ माणसांच्या पावांतहि होतें! माणसांना त्यापासून अपाय झाल्याचें आढळलें नाहीं; तरीहि अमेरिकेनें १९४९ सालीं आणि ब्रिटननें पुढील दशकांत तो वायु सोडून दिला. त्यानंतर २००७ सालीं चीनमधून आलेल्या गव्हाच्या प्रथिनांत मेलामाइन हें रासायनिक द्रव्य मिसळलेलें निघालें. उत्तर अमेरिकेंत असंख्य कुत्र्यामांजरांचीं मूत्रपिंडें बिघडलीं, आणि लक्षावधि डबे बाजारांतून परत घ्यावे लागले. कच्च्या मांसाच्या पक्षाकडे त्या सालीं किती मालक धांवले असतील, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

परंतु घाबरून धांवणाऱ्याच्या हातीं पुष्कळदां अर्धीच कृति लागते. बिलिंगहर्स्टच्या उपदेशांत हाडांना मोठें स्थान होतें. हाड वगळून नुसतें मांस घेणाऱ्यांनीं छाव्यांचीच गोष्ट पुन्हा घडविली. दुसरे कोणी हाडांचा चुरा मनास येईल तितका घालूं लागले, तर तेंहि बाधतें. १९८५ च्या सुमारास हॉलंडांतील उट्रेख्त येथें ग्रेट डेन जातीच्या पिलांना गरजेपेक्षां बरेंच अधिक कॅल्शियम देऊन पाहिलें, तेव्हां त्यांचीहि हाडें वांकडीं झालीं. कारण कोवळ्या वयांत नको असलेलें कॅल्शियम आंतड्यांत अडविण्याची शक्ति पिलाला नसते. मोठ्या जातीच्या पिलाचा मार्ग असा दोन्ही बाजूंनीं अरुंद आहे. उकडलेलें हाड कुत्र्यास घालूं नये, हें मात्र कच्च्या मांसाचे कैवारी म्हणतात तें अगदीं योग्य; उकडल्यानें हाड ठिसूळ होतें व त्याच्या अणकुचीदार कपच्या आंतडें फाडूं शकतात.

येथवर कुत्र्याच्या देहाचा विचार झाला. कच्चेपणाचा दुसरा हिशेब माणसाच्या घरांत मांडावा लागतो, कारण ताट कुत्र्याचें असलें तरी धुणारे हात घरांतलेच असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१० ते २०१२ या काळांत तयार कच्च्या पशुखाद्याचे १९६ नमुने तपासले. त्यांतील १५ मध्यें साल्मोनेला आणि ३२ मध्यें लिस्टेरिया हे जंतु निघाले. कुत्र्याला त्यांचा त्रास बहुधा कमी होतो. पण त्याच्या भांड्याशीं खेळणाऱ्या तान्ह्या मुलाची किंवा घरांतील गर्भवतीची गोष्ट तशी नाहीं.

याहून जुना आणि याहून मोठा हिशेब आइसलंडचा आहे. त्या बेटावर मेंढ्या हें धन आणि कुत्रा हा त्या धनाचा राखणदार. शरदांत शेतावरच मेंढ्या कापीत, आणि माणसाच्या उपयोगाचें नसलेलें यकृत व फुप्फुस, ज्यांवर पाण्यानें भरलेल्या फुग्यांसारख्या गांठी असत, तें कच्चेंच कुत्र्यांपुढें टाकीत. यांत काटकसर होती आणि कुत्र्यावर मायाहि होती. त्या गांठींत एका जंताचीं बीजें असतात हें जर्मनींतील सीबोल्ड यानें १८५३ च्या सुमारास, कुत्र्यांना तशा गांठी चारून, सिद्ध केलें. कुत्र्याच्या आंतड्यांत तो जंत तांदळाच्या दाण्याहूनहि लहान असतो व कुत्र्याचें फारसें बिघडवीत नाहीं. त्याचीं अंडीं विष्ठेवाटे गवतावर पडतात, केसांना चिकटतात, जिभेवरून हातावर व ताटांत येतात. माणसाच्या पोटांत गेलीं म्हणजे वर्षानुवर्षें यकृतांत गांठ वाढत राहते. कधीं ती मुलाच्या डोक्याएवढी होते.

डेन्मार्कचा हाराल्ड क्राब्बे १८६३ सालीं आइसलंडांत गेला. त्यानें शंभर कुत्र्यांचें शवविच्छेदन केलें आणि २८ कुत्र्यांत तो जंत सांपडला. कोपनहेगनच्या कुत्र्यांत तो अगदीं विरळा होता. क्राब्बेनें उपाय सुचविला तो कुत्रे मारण्याचा नव्हे. गांठी असलेले अवयव जाळावे किंवा खोल पुरावे, कुत्र्यांना ते कच्चे खाऊं देऊं नयेत, आणि घरच्या भांड्यांना कुत्र्याचें तोंड लागूं देऊं नये, एवढें सांगणारी एक पुस्तिका त्यानें लिहिली. १८६४ सालीं ती आइसलंडच्या भाषेंत छापून सरकारी खर्चानें घरोघर वांटण्यांत आली. लोक वाचणारे होते, ही त्या देशाची पुण्याई. १८६९ व १८९० च्या कायद्यांनीं तिला बळ दिलें, पुढें मेंढ्या शेताऐवजीं खाटिकखान्यांत कापल्या जाऊं लागल्या, आणि १८९० नंतर जन्मलेल्या पिढींत तो रोग झपाट्यानें दुर्मिळ होत गेला. ज्यांचा जन्म त्यापूर्वींचा, त्यांच्या देहांत मात्र जुन्या गांठी विसाव्या शतकांतील शवविच्छेदनांत निघतच राहिल्या.

भीति जंतापेक्षां चिवट ठरली. राजधानी रेक्याव्हिकनें १९२४ सालीं शहरांत कुत्रा पाळण्यासच बंदी केली, ती साठ वर्षें टिकली. १९८४ सालीं परवाना घेऊन कुत्रा ठेवण्याची मुभा मिळाली, तेव्हां आइसलंडच्या मेंढ्यांत त्या गांठींची शेवटची नोंद होऊन पांच वर्षें झालीं होतीं.